पासवर्ड बदलला, तरी पार्टीचं पेमेंट भलत्याच खात्यात! मेल अजून हॅकच आहे का?

उद्यमनगरवाला – सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं पावसाच्या आणि मिसळीच्या धाग्यांवर असतो. आज डोकं चालेना म्हणून हा धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीनशॉप आहे. दोन सीएनसी, एक जुना लेथ, चार माणसं. शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून हुबळीच्या एका पार्टीला व्हॉल्व्ह बॉडी पाठवतो. नऊ वर्षांचा व्यवहार. बिल मेलवर जातं, पेमेंट ४५ दिवसांनी येतं. आजवर एका शब्दाची बाचाबाची नाही.

आज दुपारी उधारीची आठवण करायला फोन लावला. तिथले परचेसचे साहेब म्हणाले, "मालक, शनिवारीच केलं की. तुमच्या नव्या खात्याला." मी म्हटलं, कुठलं नवं खातं? "अहो, तुम्हीच मेल टाकलाय. जुन्या खात्याचं ऑडिट चाललंय, या खात्याला टाका म्हणून. बिलसुद्धा जोडलंय." ३,४२,००० रुपये. मी खुर्चीत बसलोच.

आता मागचं सांगतो. बारा दिवसांपूर्वी रात्री जीमेलचा इशारा आला होता, नव्या ठिकाणाहून लॉगिन झालंय म्हणून. तसाच शॉपमध्ये गेलो, तिथल्या कॉम्प्युटरवर पासवर्ड बदलला. मोबाईलवर कोड येतो ती दोन टप्प्यांची तपासणी आधीपासूनच चालू होती. वाटलं, मिटलं.

सेंटमध्ये मी असा मेल पाठवल्याची खूण नाही. आणि आत्ता लक्षात आलं की बारा दिवसांत हुबळीचा एकही मेल मला आलेला नाही. मी समजत होतो साहेब रजेवर आहेत.

पासवर्ड बदलल्यावरही हे कसं झालं? आणि आता आधी काय करू?

---

कळंबेकर – १०:३१

बाकी सगळं नंतर. आधी १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. आत्ता, या मिनिटाला.

फक्त एक गोष्ट: फोन हुबळीवाल्यांनी करायचा. पैसे त्यांच्या खात्यातून गेलेत. व्यवहाराचा यूटीआर नंबर, तारीख, रक्कम, ज्या खात्यात गेले ते खातं आणि आयएफएससी, हे सगळं त्यांच्याकडे आहे. १९३० देशभर चालतो, कर्नाटकातूनही लागतो. तक्रार नोंदली की ती पुढच्या बँकेकडे जाते आणि खात्यात जे शिल्लक असेल ते गोठवता येतं. जे काढलं गेलं किंवा तिसऱ्या-चौथ्या खात्यात फिरलं, त्याच्या मागं धावावं लागतं. शनिवारचे पैसे आणि आज सोमवार रात्र. आधीच उशीर झालाय.

पोचक्रमांक आला की सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायला सांगा. त्यांच्या बँकेलाही वेगळं कळवायचं. मेल हॅक झाल्याची तुमची तक्रार स्वतंत्र, ती तुम्ही करायची.

---

गुळाचा खडा – १०:३८

आयला, लई वाईट झालं मालक. आम्ही म्हणून मेलच्या भानगडीत पडतच न्हाई. मार्केट यार्डात सौदा तोंडावर, हिशोब वहीत.

---

तिकटीवरचा – १०:४४

घाबरू नका. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. शनिवार ते सोमवार म्हणजे अजून मुदतीत आहात.

---

काळा कोट – १०:५२

तिकटीवरचे दादा, परिपत्रक खरं आहे पण इथं ते लागू होणं अवघड. ते ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथं हुबळीवाल्यांनी स्वतः, स्वतःच्या हातानं, अधिकृतपणे पैसे पाठवलेत. फसून पाठवले, पण पाठवले. बँक हेच बोट दाखवणार. त्यामुळं त्या भरवशावर राहू नका, १९३० हाच रस्ता.

कायद्याचं थोडक्यात: दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख वापरणं हे आयटी कायदा २००० चं कलम ६६सी, कॉम्प्युटरच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणं हे ६६डी. दोन्हीत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. शिवाय भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहेच. आणि ठाण्यात गेल्यावर "साहेब येऊ द्यात" म्हणाले तर चिडू नका. आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टरपेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करताच येत नाही, कलम ७८. सरळ सायबर पोलीस ठाणं गाठलेलं बरं.

(अवांतर: हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून सीपीआर दवाखान्यासमोर गाडी लावायला जागा मिळत नाही. कोर्टाकडं येणार असाल तर रिक्षानं या.)

---

सिस्टीमवाली – ११:०३

दादा, फोन लागला का हुबळीला? लागला असेल तर आता माझं ऐका.

तुम्हाला मेल येत नाहीत म्हणजे ते पोचत नाहीत असं नाही. पोचतात, पण तुमच्या नजरेआड केले जातात. मोबाईलच्या ॲपमध्ये हे दिसणार नाही, ब्राउझरमध्ये जीमेल उघडा. शॉपचा कॉम्प्युटर नको! घरी मुलांचा लॅपटॉप असेल तर तो घ्या. वर दातेरी चाकाचं चिन्ह, मग सगळ्या सेटिंग्ज, तिथं "फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस" नावाचा भाग. तिथं काय आहे ते जसंच्या तसं इथं लिहा.

काही सापडलं तर लगेच पुसू नका. आधी स्क्रीनशॉट. तो पुरावा आहे.

---

उद्यमनगरवाला – ११:४०

हुबळीला फोन झाला. साहेब झोपेतून उठले, पण त्यांनी मालकांना उठवलं आणि दोघांनी मिळून १९३० वर तक्रार दिली. पोचक्रमांक आलाय.

ताई, मुलीचा लॅपटॉप घेतला. तुम्ही म्हणालात तिथं एक ओळ आहे. मी कधीच बनवलेली नाही. हुबळीच्या कंपनीच्या डोमेनवरून काहीही आलं तर: इनबॉक्स टाळा, वाचलेलं म्हणून खूण करा, डिलीट करा. बस्स. इतकीच एक ओळ.

ट्रॅशमध्ये गेलो. चौदा मेल. सगळे वाचलेले. साहेबांनी विचारलंय, "नक्की का? नऊ वर्षांत खातं बदललं नव्हतं." आणि खाली "मी" उत्तर दिलंय, "होय साहेब, ऑडिटमुळं, गैरसोयीबद्दल क्षमस्व." मी कधी कुणाला क्षमस्व म्हटलेलं नाही, पण साहेबांना काय माहीत.

माझ्या बिलाचा पीडीएफ उघडला. लेटरहेड माझं, जीएसटी नंबर माझा, ड्रॉइंग नंबर बरोबर, विषयाच्या ओळीत आधी जॉब नंबर टाकायची माझी सवयसुद्धा उचललेली. फक्त खात्याच्या ओळीतले आकडे बाकीच्या आकड्यांपेक्षा किंचित बारीक आहेत. मोठं करून बघितलं तर सात हा आकडा वेगळ्याच वळणाचा. एवढाच फरक. कोण बघतंय हो बिलातला सात?

---

सिस्टीमवाली – ११:५८

बघितलं? पासवर्ड बदलला म्हणजे कुलूप बदललं. पण चोरानं आत बसून भिंतीला भोक पाडून ठेवलं होतं, ते कुलूप बदलल्यानं बुजत नाही. फिल्टर पासवर्डला बांधलेला नसतो, तो तसाच राहतो. तुमचे मेल ट्रॅशमध्ये ढकलायचे, तिथं बसून वाचायचे, उत्तर द्यायचं, सेंटमधून पुसायचं. ट्रॅशमधलं तीस दिवसांनी आपोआप जातं. तुम्ही महिन्यानं आला असतात तर हे चौदासुद्धा सापडले नसते. आजच उतरवून ठेवा.

फिल्टरच्या शेजारच्या जागाही बघा. "फॉरवर्डिंग अँड पॉप, आयमॅप" मध्ये अनोळखी पत्ता आहे का. "अकाउंट्स अँड इम्पोर्ट" मध्ये "सेंड मेल ॲज" आणि "ग्रँट ॲक्सेस टू युअर अकाउंट", म्हणजे दुसऱ्या कुणाला तुमची पेटी उघडायची मुभा दिलीय का. आणि उत्तर भलत्याच पत्त्यावर जावं अशी "रिप्लाय-टू" ची सोय. इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडं बारीक अक्षरात "डिटेल्स" आहे, तिथं अलीकडचे लॉगिन दिसतात. त्याचा फोटो काढा, कारण तिथं थोड्याच नोंदी राहतात.

आता खरा प्रश्न. दोन टप्प्यांची तपासणी असताना तो आत कसा आला? कुणाला कोड सांगितलात?

---

उद्यमनगरवाला – मंगळवार, सकाळी ७:१५

कोड कुणालाच सांगितला नाही, आईशप्पथ. फॉरवर्डिंग वगैरे रिकामं आहे. लॉगिनच्या यादीत एक ठिकाण भलतंच आहे, फोटो काढलाय.

---

सिस्टीमवाली – ७:४०

मग स्पष्टच विचारते, रागावू नका. शॉपच्या कॉम्प्युटरवर क्रॅक केलेलं काही टाकलंय का?

---

उद्यमनगरवाला – ९:०५

...

व्हय.

ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर. खरं लायसन्स परवडत नाही म्हणून एका पोरानं पेनड्राइव्हवर आणून दिलं, इशारा यायच्या आधीच्याच आठवड्यात. फोल्डरमध्ये एक फाइल होती, तीत लिहिलेलं: आधी अँटिव्हायरस बंद करा, मग चालवा. आम्ही बंद केला. चालवलं. चाललं. पोराला वर वडापावसुद्धा दिला.

---

सिस्टीमवाली – ९:२२

हे सांगितलंत हे बरं केलंत, बहुतेक जण सांगत नाहीत.

काय झालं असणार ते सांगते. आपण ब्राउझरमध्ये एकदा लॉगिन केलं की रोज पासवर्ड विचारत नाही, कारण ब्राउझर एक खूणचिठ्ठी जपून ठेवतो, तिला कुकी म्हणतात. अंबाबाईच्या रांगेत एकदा तपासणी होऊन आत गेलं की पुन्हा कुणी विचारत नाही, तसं. असल्या क्रॅकबरोबर येणारा चोर प्रोग्राम त्या कुकीच उचलून पाठवतो. त्या दुसरीकडं लावल्या की तिथला माणूस "तुम्ही" होतो. पासवर्ड नको, कोड नको. जोडीला ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्डही जातात.

आणि तुम्ही पासवर्ड बदललात कुठं? त्याच कॉम्प्युटरवर. नवी किल्ली केली आणि चोराच्याच हातात ठेवली.

आता क्रम पाळा. शॉपचं मशीन आत्ता नेटवरून तोडा, केबल काढा. मुलीच्या लॅपटॉपवरून किंवा फोनवरून जीमेलचा पासवर्ड पुन्हा बदला. "युअर डिव्हायसेस" मध्ये जाऊन ओळखीची सोडून सगळी साइन आउट. बाहेरच्या ज्या ॲपना प्रवेश दिलाय ती यादी रिकामी करा. रिकव्हरीचा फोन आणि मेल तुमचाच आहे ना बघा. बॅकअप कोडचा नवा संच घ्या, आठ आकडी दहा कोड मिळतात, जुने बाद होतात. मग बँक. मग जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, इन्कम टॅक्स. शॉपच्या ब्राउझरमध्ये जे जे साठवलं होतं ते सगळं गेलं असं समजून चला. शेवटी तो कॉम्प्युटर फॉरमॅट. पण पोलिसांना विचारून, त्यांना तो बघायचा असेल.

---

गुळाचा खडा – ९:४१

ताई, आमचा पासवर्ड एकच हाय सगळीकडं, म्हशीचं नाव आणि १२३. चालतंय न्हवं?

---

कळंबेकर – ९:४६

खडेराव, काल म्हणालात मेल वापरत नाही. तुमच्या ॲन्ड्रॉइड फोनला प्ले स्टोअर चालतं ना? मग तुमचं जीमेल आहे. फोनवाल्या पोरानं दुकानात बनवून दिलेलं असणार आणि पासवर्ड त्याला माहीत असणार, तुम्हाला नाही. कॉन्टॅक्ट, फोटो, सगळं त्याच्यावर. जा, आज दुकानात जा.

---

गुळाचा खडा – ९:५५

आयला!!

---

नववी गल्ली – ११:१०

मी शिक्षिका होते, आता निवृत्त. माझं याच्या उलटं झालं होतं, चोरानं आत येऊन मलाच बाहेर काढलं. पासवर्ड, फोन, पर्यायी मेल, सगळं दहा मिनिटांत बदललं. मग नातेवाइकांना मेल गेले, "अडचणीत आहे, पैसे पाठवा." माझ्या नणंदेनं फोन करून विचारलं, "वहिनी, तुम्ही कधीपासून एवढं शुद्ध इंग्रजी लिहायला लागलात?"

ज्यांचं असं होईल त्यांच्यासाठी सांगते. गूगलच्या अकाउंट रिकव्हरीच्या पानावर जायचं. रिकव्हरीचा फोन किंवा मेल बदलला गेला तरी बदलल्यापासून सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर कोड मागवायचा पर्याय मिळू शकतो. म्हणून वेळ घालवू नका. आणि प्रयत्न नेहमीच्या उपकरणावरून, नेहमीच्या जागेवरून करा. मी भाच्याच्या पुण्यातल्या लॅपटॉपवरून तीनदा आपटले. घरी येऊन माझ्या जुन्या टॅबवरून, घरच्या वायफायवरून केलं तर तिसऱ्या दिवशी उघडलं.

माझ्या मैत्रिणीचा रिकव्हरी नंबर तिच्या यजमानांचा होता. ते गेल्यावर सिम बंद केलं, कंपनीनं तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला. तिचं खातं कायमचं गेलं, त्यात नातवाच्या बारशापासूनचे फोटो.

---

टेक_सोल्युशन_झटपट – ११:१८

*[संपादक: प्रतिसाद काढला आहे.]*

---

सिस्टीमवाली – ११:२५

वर जो "दोन हजारात मेल परत मिळवून देतो, व्हॉट्सॲप करा" वाला आला होता, तसे प्रत्येक धाग्यावर येतात. जीमेलच्या फुकट खात्यासाठी तुमचं खातं उघडून देणारा फोन नंबर नसतो. नेटवर "जीमेल कस्टमर केअर" म्हणून जे नंबर सापडतात ते दुसऱ्या चोराचे. एकदा लुटलेला माणूस घाबरलेला असतो, तो पुन्हा लुटायला सोपा.

---

तिकटीवरचा – दुपारी १:३०

पासवर्ड एवढे वेगवेगळे लक्षात कसे ठेवायचे? बायको म्हणते डायरीत लिही, मुलगा म्हणतो डायरीत लिहिणं म्हणजे मूर्खपणा.

---

सिस्टीमवाली – १:४४

वहिनी बरोबर. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला चोर तुमच्या कपाटातली डायरी उघडू शकत नाही. जमत असेल तर पासवर्ड मॅनेजर वापरा, जमत नसेल तर डायरी. फक्त ती घरात, दुकानाच्या गल्ल्यावर नको, आणि मॉनिटरला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी तर अजिबात नको. पासवर्ड लांब करा, असंबद्ध चार-पाच शब्द जोडून. मेलचा मात्र कुठंही दुसरीकडं वापरायचा नाही. बाकी सगळ्यांचे "पासवर्ड विसरलात?" त्याच पेटीत येतात.

---

काळा कोट – ४:०५

एक विचारायचं राहिलं. मालक, तुमच्या आणि पार्टीच्या मधे आता तोटा कुणाचा? ते म्हणणार आम्ही दिले, तुम्ही म्हणणार मला मिळाले नाहीत. दोघांचंही खरं. वकील म्हणून सल्ला: भांडण पत्रानं सुरू करू नका, आधी भेटा. नऊ वर्षांचा व्यवहार आहे.

---

उद्यमनगरवाला – तीन आठवड्यांनी, शुक्रवार

उशिरा लिहितोय, माफी.

१९३० च्या तक्रारीमुळं त्या खात्यात उरलेले १,१०,००० गोठवले गेले. बाकीचे रविवारीच दोन खात्यांत फिरून एटीएममधून निघाले होते. खातं भाड्यानं देणाऱ्या कुणा माणसाचं ते आहे असं साहेबांनी सांगितलं. गोठवलेले मिळायला कोर्टाचा आदेश लागतो, अर्ज केलाय. इथल्या सायबर ठाण्यात माझीही तक्रार झाली. स्क्रीनशॉट आणि ट्रॅशमधले मेल छापून नेले होते, त्याचा फार उपयोग झाला.

माझ्या बँकेत मात्र खिडकीवरच्या पोरानं अर्धा तास ऐकून विचारलं, "मग तुमच्या खात्यातून काहीच गेलं नाही ना?" मी म्हटलं, आलं नाही हाच तर त्रास आहे.

हुबळीला जाऊन आलो. जाताना निपाणीला थांबून विचार केला काय बोलायचं, काही सुचलं नाही. मालकांनी जेवू घातलं. ठरलं असं: कोर्टातून येईल ते वजा करून उरलेलं निम्मं निम्मं. माझे सहा महिन्यांत, बिलातून कापून. त्यांचा मुलगा नाराज आहे. माझी बायकोही.

ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर रीतसर घेतलं, वर्षाच्या हप्त्यावर. त्या पोराला पेनड्राइव्ह परत दिला तर म्हणतो, "काका, माझ्यात तर चालतंय की." त्याच्या बापाला फोन केला. बिलावर आता लाल अक्षरात छापतो: खातं बदललेलं नाही, बदललं तर मी स्वतः येऊन सांगेन.

परवा पहिलं नवं बिल पाठवलं. पाच मिनिटांत साहेबांचा फोन.

"मालक, खात्याचे शेवटचे चार आकडे?"

सांगितले.

"हा आवाज तुमचाच कशावरून? हल्ली आवाजसुद्धा बनवतात म्हणे."

मी काहीच बोललो नाही. फोन घेऊन जुन्या लेथपाशी गेलो आणि चालू करून त्याच्यासमोर धरला. तो सुरू होताना एक किरर्र आवाज करतो, बेअरिंग बदलायचं चार वर्षं राहिलंय. साहेब दोनदा आले तेव्हा दोन्ही वेळा म्हणाले होते, हे आधी बदला.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "अजून बदललं नाही व्हय?" म्हणाले. "टाकतो पेमेंट."